पानाचा चुना आणि मक्याची पोळी

काशीयात्रेला गेलेला मराठी माणूस गंगेत स्नान करतो, विश्वेश्वराचे दर्शन घेतो आणि घरी परतण्यापूर्वी आपल्या आवडीचा एखादा पदार्थ तेथेच सोडून येतो. कुणी वांगे सोडतो, कुणी पेरू, कुणी बटाटा. त्या पदार्थाला पुन्हा जन्मात हात लावावयाचा नाही, असा तो संकल्प असतो. यात्रेकरू घरी आला म्हणजे मावंद्याचे जेवण होते, गंगापूजन होते, आणि पंगतीत कुणी तरी हटकून विचारतो, “मग, काशीत काय सोडलेत?”

जिभेचा मोह आवरण्यासाठी ज्या नगरीची निवड झाली, ती नगरी मात्र साक्षात अन्नपूर्णेची. विश्वेश्वराच्या देवळापासून चार पावलांवर तिचे देऊळ आहे. आजचे देऊळ थोरल्या बाजीराव पेशव्यांनी १७२९ साली बांधविले, असे सांगतात. हातात पळी घेतलेली देवी आणि तिच्यापुढे भिक्षापात्र घेऊन उभा असलेला शंकर, ही ह्या क्षेत्राची कथा. जगाचा संहार करणाऱ्या देवालाही भूक लागते आणि ती भागविण्यासाठी त्याला कुणाच्या तरी स्वयंपाकघरापुढे उभे राहावे लागते, हे ज्या नगरीने देवाच्याच रूपात मान्य केले, त्या नगरीत स्वयंपाक शिकणे हे हलके काम असू शकत नाही.

आज काशीत असे शिकणारे पुष्कळ दिसतात. घाटांजवळच्या गल्ल्यांतून कित्येक घरी परदेशी प्रवाशांसाठी स्वयंपाकाचे वर्ग चालतात. दोन-तीन तासांचा तो कार्यक्रम असतो. घरची गृहिणी किंवा एखादा आचारी शिकवितो आणि पाहुणे कणीक मळतात, डाळीला फोडणी देतात, पोळ्या लाटतात. पहिल्या पोळीचा बहुधा नकाशाच होतो. तरीही तो नकाशा तव्यावर फुगला म्हणजे करणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो, तो एखादे मोठे मंदिर पाहूनही उमटत नाही. पाहिलेले पुढे अंधूक होत जाते. हाताने केलेले हातात राहते.

हाच पाट उलटा मांडला तर काय होईल? म्हणजे शिकणारी काशीची आणि शिकविणारी परदेशची, असे झाले तर? परदेश कोणता, तर मेक्सिको. आणि शिकणारी कोण, तर दुर्गाघाटावरची एखादी मराठी गृहिणी. पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट ह्या भागात मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. १६७४ साली शिवछत्रपतींना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच, आणि त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. अशा घरांतील चुलीला दोन भाषा येतात. पुरणपोळी तिला वारशाने मिळालेली असते आणि बाटी-चोखा शेजाराने. तिच्याजवळ मेक्सिकोतील पुएब्ला किंवा ओआहाका प्रांताची एखादी सुगरण येऊन बसली आहे, अशी कल्पना करावी. ह्या दोघी कल्पनेतल्या आहेत. पण त्यांच्यापुढचे जिन्नस, त्यांची कृती आणि त्या कृतीमागचा इतिहास ह्यांत मात्र कल्पनेचे काही नाही.

मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला २०१० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. तो मान एखाद्या चविष्ट पदार्थाला मिळालेला नाही. शेतात मका, घेवडा व मिरची पेरण्यापासून दगडावर पीठ वाटण्यापर्यंतची जी सबंध परंपरा गावोगावच्या बायकांनी हातोहात पुढे नेली, तिला तो मिळाला आहे. म्हणून मेक्सिकोत स्वयंपाकाचा धडा बहुधा चुलीपासून सुरू होत नाही. शिकणाऱ्याच्या हाती आधी टोपली देतात आणि त्याला बाजारात नेतात.

काशीत ही टोपली दशाश्वमेधाच्या भाजीबाजारात आणि तेथून विश्वेश्वरगंजाच्या किराणा पेठेत न्यावी लागेल. मेक्सिकोच्या सुगरणीला तेथे परके वाटण्याऐवजी माहेरची माणसे भेटल्यासारखे वाटेल. समोर टोमॅटोंचे ढीग आहेत. आस्तेक लोकांच्या नावात्ल भाषेतील ‘तोमात्ल’ हा शब्द स्पॅनिश आणि इंग्रजी बोलींतून फिरत आपल्याकडे टोमॅटो होऊन आला. काशीने तर त्याची एक खास चाट बनविली. टोमॅटो व बटाटे तुपात परतून मऊ करावयाचे आणि आले, हिरवी मिरची घालून ते मातीच्या कुल्हडात, वर जिऱ्याचा गोडसर रस ओतून द्यावयाचे. संध्याकाळच्या गर्दीत ही चाट चाखणाऱ्याला, आपण मेक्सिकोचे फळ खात आहोत, ह्याची आठवणही नसते.

शेजारी मिरच्या. कोलंबस मिऱ्यांच्या शोधात निघाला आणि त्याला भेटली मिरची. स्पॅनिश लोकांनी ह्या तिखट फळाला मिऱ्याच्याच नावाला थोडा फेरफार करून नाव दिले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ते फळ गोव्याच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा मराठीनेही नेमके तेच केले. मिरी घरात होती, तिची धाकटी बहीण म्हणून मिरची आली, आणि बघता बघता थोरलीला मागे सारून घरची मालकीण झाली. हिवाळ्यात काशीच्या बाजारात जाड सालीच्या लालभडक मिरच्या येतात. बडीशेप, आमचूर वगैरे मसाला भरून मोहरीच्या तेलात त्यांचे लोणचे घालतात. मेक्सिकोतही मोठ्या मिरच्या सारण भरून करतात. सारण वेगळे, कल्पना एकच.

पुढे रामदाण्याचे लाडू. आपण ज्याला राजगिरा म्हणतो, तोच काशीचा रामदाणा. उपासाला चालणारे हे धान्य इतके सोवळे मानले गेले, की त्याचे मूळ कुठले असा प्रश्न कुणी विचारीत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र त्याचे माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका हेच सांगतात. आस्तेक लोक राजगिऱ्याच्या पिठात मध किंवा गोड रस कालवून देवाच्या मूर्ती घडवीत आणि पूजेनंतर त्या प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश धर्मोपदेशकांनी हे विधी मोडून काढले. पण धान्य टिकले. आज मेक्सिकोच्या रस्त्यांवर फुलविलेल्या राजगिऱ्याची गोड वडी मिळते आणि तिचे नाव आहे ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. देवळापाशी विकला जाणारा काशीचा लाडू आणि ही वडी शेजारी ठेवली, तर कोणती कुठली हे सांगणे अवघड जाईल.

दुर्गाघाटावरच्या गृहिणीला येथे थोडे दचकावयास होते. कारण एकादशीचे ताट तिच्या डोळ्यांपुढे येते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा आणि शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे. मिरची आणि राजगिरा मेक्सिकोकडचे. काशीत पेरू किंवा बटाटा सोडणारा यात्रेकरू अमेरिकेतील फळाचाच त्याग करीत असतो. श्रावण घेवडा, राजमा, साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा ही सारी कडधान्येही त्याच खंडातली.

पण हा व्यवहार एकतर्फी झाला नाही. मेक्सिकोच्या सुगरणीच्या टोपलीतील कांदा, लसूण, कोथिंबीर, लिंबू, जिरे आणि तांदूळ हे पूर्वेकडच्या जुन्या जगातून तिच्या देशात गेले. १५६५ पासून १८१५ पर्यंत फिलिपिन्समधील मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को ह्या बंदरांच्या दरम्यान स्पॅनिश गलबते ये-जा करीत होती. त्या वाटेने पूर्वेकडचा मालमसाला तिकडे गेला. चिंचेला मेक्सिकोत ‘तामारिंदो’ म्हणतात. ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, ह्या अरबी नावाचे ते रूप आहे. मेक्सिकोचे कवी ओक्ताव्हियो पाझ १९६२ ते १९६८ ह्या काळात भारतात राजदूत होते. भारताविषयीच्या आपल्या १९९५ सालच्या पुस्तकात त्यांनी मेक्सिकोचे ‘मोले’ नावाचे मसालेदार कालवण आणि भारतीय रस्सा ह्यांच्या नातेसंबंधाचा आवर्जून विचार केला आहे. नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यालाही दोन संस्कृतींचे नाते उलगडण्यासाठी कालवणाच्या वाटीपाशी थांबावेसे वाटले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

बाजार झाला. आता चूल. पहिला पदार्थ सोपा, म्हणजे ‘साल्सा’. कोरड्या तव्यावर टोमॅटो, कांद्याच्या फोडी, सालीसकट लसूण आणि मिरच्या भाजावयाच्या. टोमॅटोची साल काळी पडून फुटू लागली पाहिजे. मिरची मात्र करपता कामा नये, नाही तर कडवटपणा येतो. मग तीन पायांच्या दगडी खलात आधी लसूण व मीठ, मग मिरची, आणि शेवटी टोमॅटो. वाटण गुळगुळीत करावयाचे नाही. वरून कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. तीन पायांचा खल काशीत नसला तरी अडत नाही. ठंडाई वाटणारा सिल-लोढा, म्हणजे आपला पाटा-वरवंटा, घरोघर आहे.

गृहिणी हसते. हा तर काशीचा टोमॅटोचा चोखा! बाटीबरोबर खावयाचा चोखा असाच निखाऱ्यावर भाजतात आणि ठेचतात. वरून कच्चे मोहरीचे तेल तेवढे घालतात. मराठी ठेचाही ह्याच कुळातला. तेव्हा धडा सोपाच आहे, असे तिला वाटते आणि सवयीने तिचा हात मोहरीच्या डब्याकडे जातो. सुगरण तो हात हळूच धरते. येथे फोडणी नाही. मराठी हाताला फोडणीवाचून चैन पडत नाही. चरचर असा आवाज झाल्याशिवाय पदार्थ पुरा झाला असे त्याला वाटतच नाही. दुसऱ्याचा स्वयंपाक शिकताना नवी क्रिया हाताला लवकर येते. जुनी क्रिया आवरणेच कठीण जाते. पुस्तक सांगते, अमुक घाला. चाललेला हात मात्र त्याला धरता येत नाही. त्यासाठी शेजारी माणूस बसावे लागते.

दुसरा पदार्थ ‘तोर्तिया’, म्हणजे मक्याची पातळ पोळी. ह्या बाबतीतही गृहिणी निश्चिंत असते. ज्वारी-बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून भाकरी करताना त्यात उकळते पाणी घालावे लागते, हे तिला लहानपणापासून ठाऊक. मक्याच्या पिठालाही ती तसेच पाणी घालते, ते मळते, थापते, तव्यावर टाकते. खरपूस भाकरी होते. चवीला उत्तम. पण ती दुमडावयास जावे तो मोडते, आणि निवल्यावर कडक होते. तोर्तिया मोडत नाही. ती रुमालासारखी घडी घालता येते आणि तिच्यात घेवडा, साल्सा घालून घास करता येतो. मका तोच, हात तरबेज, तवा तापलेला. मग उणे काय?

सुगरण पीठ बाजूला ठेवते आणि मक्याचे अख्खे, वाळलेले दाणे मागते. मग म्हणते, आता थोडा चुना हवा.

काशीत चुना मागावा लागत नाही. ती विड्याची नगरी आहे. चुना किती लावावा, कोठला लावावा, तो किती दिवस भिजवून निवळावा, ह्यावर तेथे पांडित्यपूर्ण चर्चा होऊ शकते. पण चुना पानाला लागतो, तो मक्याला कशाला, असा प्रश्न गृहिणीच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

कृती अशी आहे. एक किलो वाळलेला मका निवडून धुवावा. बियाण्यासाठी औषध चोळलेला मका चुकूनही घेऊ नये. सुमारे तीन लिटर पाण्यात दहा ग्रॅम शुद्ध, खाण्याचा चुना कालवावा. टपरीवरच्या डबीतला सुगंध मिसळलेला चुना कामाचा नाही. भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा मातीचे असावे. ॲल्युमिनियमचे नसावे, कारण चुन्याचे पाणी त्या धातूला खाते. मका त्या पाण्यात मंद आचेवर अर्धापाऊण तास शिजवावा. दाण्यांचा पिवळा रंग गडद होतो आणि घरभर पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास पसरतो. एक दाणा काढून निववावा आणि बोटांनी चोळावा. साल सुटून आली, की आच बंद करावी आणि मका त्याच पाण्यात रात्रभर झाकून ठेवावा. ह्या मक्याला ‘निश्तामाल’ म्हणतात. राख किंवा चुना आणि शिजवलेले मक्याचे पीठ अशा दोन नावात्ल शब्दांचा तो समास आहे. ह्या कृतीच्या खुणा मध्य अमेरिकेत तीन हजार वर्षांहून जुन्या सापडतात.

म्हणजे पहिल्या दिवसाचा धडा तोर्तियाशिवायच संपतो. दोन तासांच्या वर्गात न मावणारी ही गोष्ट आहे. इडलीचे पीठ आंबावे लागते, दह्याला विरजण लागावे लागते, तशी मक्यालाही रात्र द्यावी लागते.

मका रात्रभर चुन्याच्या पाण्यात आहे, तोवर ह्या चिमूटभर चुन्याची दुसरी, अधिक गंभीर बाजू पाहावी. मेक्सिकोच्या बालसास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी एका रानगवतापासून शेतकऱ्यांनी मका घडविला. कोलंबसानंतर तो मका युरोपात गेला, आफ्रिकेत गेला, भारतात आला. भरघोस पीक, थोडी मेहनत. गरिबांचे ते अन्न झाले. पण जहाजांतून फक्त दाणे गेले. दाणा कसा खावयाचा हे ज्यांना ठाऊक होते, त्या बायका मेक्सिकोतच राहिल्या. चुन्यात मका शिजविणे ही अडाणी लोकांची उगीचच लांबण आहे, असे मानून ती वगळणे इतरांना सोपे गेले.

त्याची किंमत फार मोठी पडली. १७३५ साली स्पेनमधील गास्पार कासाल नावाच्या वैद्याने मका खाऊन राहणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमध्ये एक विचित्र रोग पाहिला. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर लाल चट्टे पडत, पुढे ती काळवंडून खरखरीत होई. मग अतिसार, मग बुद्धिभ्रंश, आणि शेवटी मृत्यू. इटलीत ह्या रोगाला ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, असे नाव मिळाले. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत ह्या रोगाने सुमारे एक लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. हा सांसर्गिक रोग आहे, असा पुष्कळ डॉक्टरांचा समज होता. १९१४ साली अमेरिकन सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर ह्यांना ह्या कामावर नेमले. अनाथालयातील मुलांना दूध, अंडी, मांस, कडधान्ये मिळू लागताच रोग हटला, हे त्यांनी दाखवून दिले. तरीही लोकांना पटेना, तेव्हा १९१६ साली त्यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्यांना काही झाले नाही. १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम ह्यांनी नेमके उणे काय होते ते शोधले. आज त्या जीवनसत्त्वाला नायसिन म्हणतात.

मक्यात नायसिन नसते असे नाही. ते असते, पण दाण्यातील इतर द्रव्यांशी असे बांधलेले असते, की माणसाच्या पोटाला ते सोडविता येत नाही. चुन्याचे पाणी ती गाठ सोडविते. शिवाय दाण्याची साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि कॅल्शियमची भर पडते ती वेगळीच. मेक्सिकोच्या बायकांना नायसिन ठाऊक नव्हते. पीठ नीट वळते, पोळी मोडत नाही, आईने असेच केले होते, एवढे त्यांना ठाऊक होते. ताटात सोबत घेवडाही होता, जसे आपल्याकडे भाकरीबरोबर पिठले किंवा आमटी. पिढ्यान् पिढ्या मका खाऊन ती माणसे धडधाकट राहिली. आणि तोच मका ज्यांनी कृतीवाचून उचलला, त्यांच्यातील गरीब माणसे मेली. भारतात मका बहुधा डाळ, दूध, भाजी ह्यांच्या जोडीने खाल्ला जातो. त्यामुळे त्याची भाकरी खाणाऱ्याने भिण्याचे कारण नाही. पण ज्याच्या ताटात मक्यावाचून दुसरे काहीच नाही, त्याच्यासाठी चिमूटभर चुना हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

मक्याच्या ह्या कथेत एक मराठी माणूसही आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे तरुणपणी देशाच्या स्वातंत्र्यासाठी बाहेर पडले आणि अमेरिकेत गदर चळवळीच्या आरंभीच्या प्रमुखांमध्ये गणले गेले. देशोदेशी भटकून १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या सुधारित वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालविल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा ह्यांनी १९२८ साली मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या इमारतीत एक भित्तिचित्र रंगविले. मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसे जमली आहेत आणि मधला पुरुष भाकरी मोडून वाटतो आहे. तो पुरुष रिव्हेरांनी खानखोज्यांवरून चितारला. चित्राचे नाव ‘एल पान नुएस्त्रो’, म्हणजे आमची रोजची भाकरी. स्पॅनिशमध्ये ‘पान’ म्हणजे भाकरी. काशीच्या गृहिणीला हा शब्द ऐकून गंमत वाटेल. स्वातंत्र्यानंतर खानखोजे स्वदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. शस्त्र घेऊन निघालेला हा वऱ्हाडाकडचा क्रांतिकारक अखेर मक्याच्या शेतात रमला, कारण भुकेचे पारतंत्र्यही त्याने जवळून पाहिले होते. त्यानेही मका पुस्तकातून शिकविला नाही. तो शेतकऱ्यांच्या बांधावर गेला.

दुसरा दिवस उजाडतो. गंगेवर उन्हे येतात. गृहिणी झाकण काढते. दाणे टपोरे झालेले असतात. तीन-चार पाण्यांनी ते चोळून धुतले, की साली वाहून जातात. मग सिलेवर वाटण. मेक्सिकोत उतरत्या दगडावर गुडघे टेकून दोन्ही हातांनी मका वाटतात. पाट्यावर पुरण वाटणारीला ती बैठक परकी वाटणार नाही. तयार झालेल्या पिठाच्या गोळ्याला सुगरण म्हणते ‘मासा’. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात हा शब्द ऐकताच गृहिणी चमकून दाराकडे पाहते; पण स्पॅनिश भाषेत ‘मासा’ म्हणजे नुसते मळलेले पीठ, हे कळल्यावर दोघी पोटभर हसतात.

आता त्या पिठाची परीक्षा. लिंबाएवढी गोळी करावी आणि दाबून पाहावी. कडेला चिरा पडल्या तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. किती पाणी, ह्याचे माप सांगता येत नाही. कमलाबाई ओगले ह्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली मराठी घरांना वाटी-चमच्याचे माप दिले, तो फार मोठा उपकार होता, पण पोळीची कणीक किती सैल हवी हे कळण्यासाठी तीत बोट घालावेच लागते. सुगरण गृहिणीचे बोट धरून गोळ्यावर दाबते. “अशी.” एवढाच तो धडा. गोळी दोन तळव्यांमध्ये थापून पातळ करावयाची. भाकरी परातीत थापणाऱ्या हाताला हवेत थापणे प्रथम जमत नाही. पहिली फाटते, दुसरी जाड होते, तिसरी वाकडी. तापलेल्या तव्यावर एक बाजू क्षणभर, दुसरी थोडी अधिक, मग पुन्हा पहिली. आणि बोटांनी हलकेच दाबताच ती टम्म फुगते. फुगलेली पोळी ही जगातल्या साऱ्या चुलींची एकच भाषा असावी. पाचवी तोर्तिया फुगते तेव्हा शिकविणारीला टाळी द्यावीशी वाटते आणि शिकणारी, सवयीप्रमाणे, ती पहिली चांगली पोळी देवापुढे ठेवण्यासाठी बाजूला काढते.

मग घडीत शिजलेला घेवडा, त्यावर साल्सा, वर लिंबू. ज्या दाण्याने कालची भाकरी मोडली, त्याच दाण्याची आजची पोळी दुमडते आणि मोडत नाही. मधे गेली ती एक रात्र, एक चिमूट चुना आणि शेजारी बसलेले एक माणूस.

बी गलबतातून जाते, नाव जिभेवरून जाते, कृतीला मात्र हातातून हातातच जावे लागते. ती वाटेत सुटली म्हणजे काय होते, हे पेलाग्राने जगाला दाखविले आहे. आपल्या घरांतूनही अशा कृती सुटत असतात. आजी वाळवण का घालीत होती, कडवे वाल दोनदा का उपसत होती, नाचणीला मोड का आणीत होती, हे तिला विचारावयाचे राहून जाते आणि पुढे जिन्नस तेवढा उरतो. मेक्सिकोच्या सुगरणीपुढे पाट मांडून बसावे, तसे एखादे दिवशी तिच्यापुढेही बसावे. विचारण्यापेक्षा हात पुढे करावा, ती बोट धरून सांगेल, “अशी.”

काशीत काही तरी सोडून येण्याची चाल आहे, ती चालू राहो. पण पुढच्या मावंद्याला पंगतीत कुणी विचारले, “काशीत काय सोडलेत?”, तर एखाद्या यात्रेकरूने उत्तर द्यावे, “सोडले एक, आणि शिकून आलो एक”, आणि पानदानातला चुना पाहून पंगत चकित होत असता, मक्याची दुमडलेली पोळी ताटात वाढावी.